पान सत्तेचाळीस

धान निघालं, बांध्या कोरड्या पडल्या
की आमचा हंगाम सुरू.
वडशाहून निघालेली गाडी, पडदे, पेट्या, जनरेटर,
आणि मागच्या फळीवर मी,
मांडीवर वही, खिशात बॅटरी.
बावीस वर्षं पडद्याआडून कुजबुजतो आहे.
माझा चेहरा कुणी पाहिलेला नाही,
पण गाढवी नदीच्या दोन्ही काठांवर
लोक ज्या वाक्याला रडतात
ते आधी माझ्या तोंडून निघालेलं असतं.

यंदाचा खलनायक भुजंगराव मालगुजार.
तिसऱ्या अंकात, रात्री अडीचच्या सुमारास,
भावाच्या पोराला बोडीवर नेतो
आणि एकटा परततो.
बोडी म्हणजे निळी ताडपत्री आणि एक हिरवा दिवा.
तरी चिखलटोल्यात कुणीतरी बांधातलं ढेकूळ फेकलं,
केवळरामच्या कपाळाला खोक पडली,
आणि तो रक्तासकट पुढचं वाक्य बोलला.
पाकीट मात्र ठरलं तेवढंच मिळालं.

सकाळी शेकोटीपाशी पंचायत बसली.
चहा फुकट होता, म्हणून मीही.
झिबल नाकाडे म्हणाला,
"त्याले माफी नाई. लेकराचा जीव घेतला ना जी,
मंग कोनताई देव त्याले धुवू शकत नाई."
दहावीतला एक पोरगा म्हणाला,
लहानपणी बापानं त्याला रात्रभर गोठ्यात कोंडलं होतं,
दुसऱ्या अंकात आहे.
"मलेई कोंडलं होतं," झिबल म्हणाला,
"मी का कोनाले बुडवलो?"

सगळे हसले. भागरथाबाई उंदीरवाडे हसल्या नाहीत.
काडीनं राख उकरत म्हणाल्या,
"बोडीत उतरायच्या आंधी त्यानं वहाना काढल्या.
काठावर ठेवल्या, जोडीनं, नीट.
रोवन्याले उतरताना काढतो आपन,
देवळात जाताना काढतो.
मारायले जानारा कायले काढन?"

कुणी काही बोललं नाही.
मी चहात बघत राहिलो.
वहाणा कंपनीच्या, सात नंबरच्या; केवळरामचा पाय नऊ.
चावतात म्हणून काढतो.
वहीत तसं काही नाही.

वहीत जे आहे ते त्यांनी पाहिलेलं नाही.
पान सत्तेचाळीस:
भुजंगराव पहाटे भावजयीच्या दारात येऊन बसतो,
सांगतो, कुठल्या काठाला, किती खोल,
पोरगा शेवटी कुणाला हाक मारत होता.
साडेचार मिनिटं.
पहिल्याच प्रयोगानंतर मालकानं काढून टाकलं,
पाचला लोकांना घरी जायचं असतं,
आणि वाईट माणूस वाईटच मेला की झोप बरी लागते.
मी ते पान घडी घालून पुठ्ठ्यामागं ठेवलं.

खरं सांगतो, ते वाचताना मी त्याला
दोनतीनदा सोडूनही दिलं आहे.
पण सावित्रीला तिथं एकही वाक्य नाही.
आईला. साडेचार मिनिटं ती नुसती उभी,
आणि शेवटी कंसात दोन शब्द:
मान हलवते.
होकाराची की नकाराची, लिहिलेलं नाही.
लिहिणारा मागच्या उन्हाळ्यात गेला.
पहिल्या प्रयोगात मी खाली बघत होतो,
पुढचं वाक्य शोधत.
सावित्री करायची ती बाई लग्न होऊन बालाघाटकडं गेली,
फोन लावून विचारलं तिला.
म्हणाली, आठवत नाही जी,
थंडी लय होती त्या रात्री.

शेकोटी बसली. माणसं उठली.
भागरथाबाई माझ्यापाशी थांबल्या,
"तुमी वहीवाले ना?
तसंच लिवलं हाये ना, वहानांचं?"

मी मान हलवली.

परतीच्या वाटेवर, आठवडी बाजारात
नऊ नंबरचा एक जोड टांगलेला दिसला, तपकिरी, स्वस्त.
केवळराम दोन वर्षांपासून मागतो आहे.
मी भाव विचारला,
अंगठा लावून चामडं दाबून पाहिलं,
आणि तसाच पुढं आलो.